कॅप्टन भार्गवच्या पाठीतली आठ भोकं

"मॅडम, आधी पाणी द्या. मग उघडा," समीर म्हणाला आणि त्याने लॅपटॉपची बॅग माझ्या टेबलावर आडवी ठेवली. व्हाइटफील्डहून बनशंकरीपर्यंत दोन तास ती बॅग त्याने कॅबमध्ये मांडीवर धरली होती. सीटबेल्ट बॅगेवरूनच लावला होता. त्याच्या मागे त्याची आई उभी होती, सत्तरीची, ताठ, हातात पर्स.

"आणि ह्या आई," तो म्हणाला. "ज्यांनी केलं."

"नमस्कार," आई म्हणाल्या. "मालती. मी काहीही वाईट केलेलं नाही."

मी कागद दुरुस्त करते. इंग्रजीत याला पेपर कॉन्झर्वेटर म्हणतात. एकतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात जुनी कागदपत्रं दुरुस्त केली: कसरीने खाल्लेली, पाण्यात भिजलेली, कधी उंदराने अर्धी नेलेली. रिटायर झाल्यावर घरातल्या मागच्या खोलीत टेबल मांडलं. मी मूळची निपाणीची. लग्न होऊन बेंगळुरूला आले ती इथलीच झाले. लोक कुंडल्या आणतात, आजोबांची सर्टिफिकेटं आणतात, घराचे जुने नकाशे आणतात. कॉमिक घेऊन आलेला समीर पहिलाच.

बॅगेतून एक पुठ्ठा निघाला, पुठ्ठ्यावर टॉवेल, टॉवेलात कॉमिक. त्याला ब्राउन पेपरचं कव्हर घातलेलं होतं. वर लेबल होतं आणि लेबलवर सुरेख अक्षरात लिहिलं होतं: 'चि. समीर. विषय: कॅप्टन भार्गव (अंक १ ला)'.

समीरने डोळे मिटून घेतले.

आधी त्याचं गणित सांगते, म्हणजे तो का घाबरला होता ते कळेल. समीर पुण्याचा, वय छत्तीस, आयटीत प्रॉडक्ट मॅनेजर. दोन वर्षांपूर्वी त्याला कोणीतरी सांगितलं की शेअरपेक्षा जुनी कॉमिक्स बरी, कारण जुनी कॉमिक्स आता कोणी नवीन काढू शकत नाही. त्याला ते पटलं. बायकोला, गौरीला, पटलं नाही. पण तो घेत गेला. सगळी कॉमिक्स पारदर्शक प्लास्टिकच्या पिशव्यांत, मागे पुठ्ठा. ती ठेवायला घरातली गेस्टरूम. तिथे एसी आणि हवेतला दमटपणा ओढणारं मशीन चोवीस तास चालू. आई पुण्याहून राहायला आल्या तेव्हा त्यांचा बिछाना हॉलमधल्या सोफ्यावर पडला.

"आईला एसी सोसत नाही," समीर म्हणाला.

"मला कोणी विचारलं नाही," आई म्हणाल्या.

शेवटी गौरीने एकच सांगितलं होतं. एक कॉमिक विकून दाखव. फायदा झाला तर मी एक शब्द बोलणार नाही. नाही झाला तर ती खोली आईंची. समीरने सगळ्यात भारी वस्तू काढली, कॅप्टन भार्गवचा पहिला अंक. हा भार्गव पाणबुड्या आहे आणि बुडालेल्या बेटांवर राक्षसांशी मारामारी करतो. अंक खूप दुर्मीळ, असं विकणाऱ्याने समीरला सांगितलं होतं. येलहंक्याचे एक गृहस्थ शनिवारी तो बघायला येणार होते. त्यांची अट एवढीच की आधी कागदाच्या जाणकाराकडून रिपोर्ट हवा. समीरने माझा नंबर मिळवला आणि वेळ घेतली. वेळ होती सोमवारची. रविवारी तो आणि गौरी बाहेर गेले आणि आई घरात एकट्या राहिल्या.

"काय काय केलंत, सगळं क्रमाने सांगा," मी आईंना म्हणाले. डॉक्टर विचारतात तसंच विचारावं लागतं. लपवलं की पुढे त्रास आमचा.

आई खुर्चीत बसल्या. "मी चौतीस वर्षं शाळेची लायब्ररी सांभाळली. हजारो पुस्तकांना कव्हरं घातलीत. खोली पुसायला गेले तर हे पुस्तक पाठीकडून फाटलेलं. मी म्हटलं, एवढ्या काळजीने ठेवलंय आणि फाटकं. त्याला वेळ होत नसेल. म्हणून बाहेर काढलं."

"मग?"

"पाठीला सेलोटेप लावली. आतल्या पिना गंजल्या होत्या, त्या काढल्या. गंज कागद खातो."

"बरोबर आहे," मी म्हणाले.

समीरने माझ्याकडे बघितलं. आई पुढे बोलत राहिल्या, आता जरा उत्साहाने.

"मग सुईदोऱ्याने शिवलं. पण एकही नवं भोक पाडलं नाही, जुन्याच भोकांतून दोरा घातला. दोन पानं चुरगळलेली होती, त्यांच्यावर रुमाल ठेवून इस्त्री फिरवली."

"कॉटनवर?"

"सिल्कवर. मला कळतं. मग वाचलं."

"वाचलंत?" समीरने विचारलं. हे त्याला नवीन होतं.

"वाचू नये का? ठीक आहे गोष्ट. शेवट घाईत उरकलाय. शेवटच्या पानावर शब्दकोडं होतं, ते सोडवलं."

"पेनने," समीर मला म्हणाला.

"पेन्सिल सापडली नाही. घरात तीन लॅपटॉप आहेत, पेन्सिल एक नाही."

समीर माझ्याकडे वळला. "मॅडम, शनिवारपर्यंत हे अनडू होईल?"

मी त्याला काय होईल आणि काय होणार नाही ते सांगितलं. सेलोटेप ताजी होती, एक दिवसाची, ती निघेल. टेपचा चिकटा जुना झाला की कागदात मुरतो, पिवळा पडतो, मग काढणं अवघड. दोरा काढायला पाच मिनिटं. इस्त्रीने फारसं बिघडलेलं नसतं. बॉलपेन मात्र तसंच राहील. ते पुसायला जावं तर शाई पसरते, मग अक्षराच्या जागी निळा ढग दिसतो.

"आणि रिपोर्टमध्ये टेपचं नाव नको," समीर म्हणाला. "म्हणजे, निघणारच आहे ना?"

"रिपोर्टमध्ये सगळं येणार. टेप लागली, टेप काढली, कशाने काढली."

"मॅडम, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?"

"मी कागदाच्या बाजूने असते. तुम्हाला गोड रिपोर्ट हवा असेल तर दुसरा माणूस बघा. सही माझी जाते."

आईंनी मान डोलावली. मुलाला कोणीतरी बोलतंय हे त्यांना आवडलं होतं, पण विषय आपल्याच टेपचा आहे हेही त्यांच्या लक्षात होतं. समीर म्हणाला, "सरी," म्हणजे बरं. दोन वर्षांत एवढं कन्नड त्याला आलं होतं. ते मायलेक अंक माझ्याकडे ठेवून गेले.

मंगळवारी मी ब्राउन पेपर उतरवला आणि टेप काढली. त्यासाठी एक पातळ, जरा गरम होणारी पट्टी असते, लोणी लावायच्या सुरीसारखी. टेपखाली ती हळूहळू सरकवायची. मग उरलेला चिकटा मऊ रबराने गोळा करायचा. दुपारपर्यंत तीन पट्ट्या निघाल्या. कव्हरच्या आतल्या बाजूला जांभळ्या शाईचा एक पुसट शिक्का दिसला. 'लायब्ररी' आणि 'बेंगलोर ४' एवढंच वाचता येत होतं. नोंद केली. पूर्वी गल्लोगल्ली भाड्याने कॉमिक्स देणारी दुकानं असायची, त्यांपैकी कुठलं तरी असेल.

बुधवारी दोरा काढला आणि कव्हर आणि पानं वेगळी केली. आता पाठीची दुरुस्ती करायची होती. पाठ म्हणजे कव्हरची घडी, पिना मारतात ती जागा. फाटलेल्या जागी आम्ही जपानी टिश्यू लावतो. हा इतका पातळ कागद असतो की फुंकर मारली तर उडून शेजारच्या खोलीत जातो. तो चिकटवायला गव्हाची खळ. ही खळ मी घरीच शिजवते. आमच्या कामवाल्या बाईंनी एकदा ती लापशी समजून फ्रिजमध्ये ठेवली होती.

खळ निवेपर्यंत मी कव्हर उजेडाच्या पेटीवर ठेवलं. खालून दिवा लागला की कागदातलं प्रत्येक भोक ताऱ्यासारखं चमकतं. कॉमिकला दोन पिना असतात. एका पिनेला दोन पाय. म्हणजे भोकं चार हवीत.

कव्हरच्या पाठीत आठ होती.

याचा अर्थ अंक कधीतरी सुटला होता आणि कोणीतरी पुन्हा पिना मारल्या होत्या. यात विशेष काही नाही. मग मी आतली पानं पेटीवर ठेवली. त्यांनाही आठ. हेही ठीकच. कव्हर आणि पानं एकत्रच सुटली असतील तर आठावर आठ बसायला हवीत. मी कव्हर पानांवर ठेवलं. चार भोकं जुळली. उरलेली चार जुळेनात. कव्हर वर सरकवलं, खाली सरकवलं, उलटं करून बघितलं. चहा केला, पिऊन आले, पुन्हा बघितलं. चारच.

कव्हर आणि पानं जन्मापासून एकत्र नव्हती. कव्हर एका अंकाचं, पानं दुसऱ्या अंकाची. कोणीतरी नंतर त्यांचं लग्न लावलं होतं.

आता दुसऱ्या अंकाची म्हणजे कुठल्या, हे बघायचं होतं. गोष्ट तर तीच होती, बेट तेच, राक्षस तोच. भिंग घेऊन मी पान पान बघितलं. काही सापडेना. संध्याकाळी आईंना फोन केला, कारण शिवताना त्यांनी पानं जवळून बघितली होती.

"मालतीताई, दोरा घालताना काही खटकलं होतं का?"

"भोकं जास्त होती. काही जुळत नव्हती. मला वाटलं छापखान्याचा गलथानपणा."

"अजून काही?"

"कोड्याचं उत्तर पाठवायचा पत्ता दिलाय. मी लिहूनही घेतला होता. म्हटलं बघू, छापखाना असेल अजून तर पाठवू. पिनकोड होता पत्त्यात. सहा आकडी."

मी फोन धरूनच शेवटचं पान उघडलं. पत्ता होता, आणि पिनकोड होता. कव्हर उलटवलं. मागच्या बाजूला दंतमंजनाची जाहिरात, कंपनीचा पत्ता: 'मुंबई १'. बस्स. सहा आकडी पिनकोड यायच्या आधी शहराच्या नावापुढे असाच एखादा आकडा लिहीत. म्हणजे कव्हर पिनकोड यायच्या आधीचं आणि पानं नंतरची. कव्हर पहिल्या छपाईचं, पानं पुढच्या कुठल्यातरी फेरछपाईची. कोडं तेच ठेवलं होतं, फक्त पत्ता नवीन केला होता.

"काय झालं?" आईंनी विचारलं.

"तुमचा समीर पहिला अंक म्हणून जे घेऊन बसलाय, त्यातलं फक्त कव्हर पहिलं आहे."

आई म्हणाल्या, "म्हणजे मी कोडं दुसऱ्या आवृत्तीत सोडवलं."

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, "पण त्याला तुम्हीच सांगा. मी सांगितलं तर वाटेल, सुटायला बघतेय."

गुरुवारी समीर ऑफिसमधून लवकर निघून आला. मी त्याला उजेडाच्या पेटीवर भोकं दाखवली, मग पिनकोड दाखवला. प्रॉडक्ट मॅनेजर हुशार असतात, एकदाच सांगावं लागतं. तो स्टुलावर बसला.

"दोन वर्षं," तो म्हणाला. "दोन वर्षं मी याला एसीत ठेवलं."

"कधी उघडून बघितलं नाहीत?"

"उघडलं की व्हॅल्यू कमी होते, मॅडम. कॉमिक्सवाल्यांच्या ग्रुपवर सगळे तेच सांगतात. पिशवीतून काढायचंच नाही."

"विकणाऱ्याने उघडून दाखवलं नाही?"

"त्याने पिशवीतूनच दाखवलं. मला ते प्रोफेशनल वाटलं."

तो बराच वेळ कव्हरकडे बघत होता. मग त्याने मला दोन गोष्टी विचारल्या. रिपोर्टमध्ये हे यायलाच हवं का? हो. शनिवारची भेट रद्द करावी का? ते तुम्ही ठरवा, मी म्हणाले, पण रद्द करून कोणाला तरी नंतर पिशवीतूनच विकणार असाल तर मला ते सांगू नका.

हे मी जरा कडक बोलले. तो लाल झाला. बहुतेक त्याच्या मनात तेच आलं होतं. कोणाच्याही आलं असतं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. "येऊ द्या त्यांना. रिपोर्ट वाचून दाखवा. मग मी गौरीला सांगतो. गेस्टरूमचा विषय संपला."

शनिवारी सकाळी अकराला येलहंक्याचे ते गृहस्थ, गुरुनाथराव, आले. सत्तरी ओलांडलेले, पांढरा शर्ट, पायात सँडल, काखेत पेपरमध्ये गुंडाळलेलं काहीतरी. चार पिढ्या बेंगळुरूत, घरात मराठी, पण बोलताना निम्मं कन्नड. समीर आणि आई आधीच येऊन बसले होते. आईंनी इस्त्रीची साडी नेसली होती, कोर्टात साक्षीला आल्यासारखी.

"नमस्कार अक्का," ते मला म्हणाले. "रिपोर्ट वाचा बघू. सगळं वाचा. सावकाश."

मी वाचला. टेप, दोरा, इस्त्री, बॉलपेन. बॉलपेनपाशी आई खिडकीबाहेर बघू लागल्या. मग भोकं, मग पिनकोड. शेवटचं वाक्य होतं: 'कव्हर पहिल्या छपाईचे, आतील पाने नंतरच्या छपाईची, दोन्ही एका प्रतीची नाहीत.' समीर जमिनीकडे बघत होता.

गुरुनाथराव उठले. मला वाटलं, जाणार. ते टेबलापाशी आले, चष्मा कपाळावर चढवला आणि कव्हरच्या आतला जांभळा शिक्का बघितला. बराच वेळ बघितला.

"सापडलं की हो," ते म्हणाले.

"काय सापडलं?" समीरने विचारलं.

"हे माझं. माझी लायब्ररी होती बसवनगुडीत. पुस्तकं, कॉमिक्स, भाड्याने द्यायचो. या कॅप्टन भार्गवच्या दोन कॉप्या होत्या, एक पहिल्या छपाईची, एक नंतरची. पोरं वाचून वाचून दोन्हींची कव्हरं निघाली. एका दुपारी गल्ल्यावर बसून दोन्हींना पिना मारल्या. गिऱ्हाईक चालूच होतं. ह्याचं कव्हर त्याला लागलं, त्याचं ह्याला."



"तुम्ही स्वतः?" मी विचारलं. मी तोवर त्या अज्ञात माणसाला मनातल्या मनात लबाड ठरवून मोकळी झाले होते.

"मीच. कोणाला काय पडलं होतं तेव्हा? पोरांना राक्षस बघायचा होता. एक कॉपी एका मेंबरने नेली. घर बदललं त्याने, परत आलाच नाही. दुसरी माझ्याकडं राहिली. आता या म्हातारपणी लोक म्हणू लागले, पहिला अंक, पहिला अंक. उघडून बघितलं तर वर दुसऱ्या छपाईचं कव्हर आणि आत पहिल्याची पानं. तेव्हापासून शोधतोय. कुणी विकायला काढला की जाऊन बघतो. हा चौथा." त्यांनी काखेतला पेपर सोडला. "स्वल्प, जरा बघा हे."

पेपरमधून दुसरा कॅप्टन भार्गव निघाला. समीर उभा राहिला. आईही उभ्या राहिल्या.

मी गुरुनाथरावांची परवानगी घेऊन त्यांच्या अंकाच्या पिना सोडवल्या. हात नेहमीपेक्षा जरा हळू चालले. तीन माणसं मानेवर श्वास सोडत असली की असंच होतं. शेवटचं पान बघितलं. कोड्याखाली पत्ता होता, पिनकोड नव्हता. समीरचं कव्हर घेतलं, गुरुनाथरावांच्या पानांवर ठेवलं आणि जुन्या चार भोकांत चार बारीक सुया सोडल्या. चारही सुया कव्हरमधून थेट पानांत उतरल्या, कुठेही न अडकता.

एकतीस वर्षांच्या नोकरीत असं दोनदा झालं असेल. मी टेबलाला हात लावून उभी राहिले.

समीर सगळ्यात आधी भानावर आला. "काका, तुमची पानं मला विकता?"

"तुझं कव्हर मला वीक," गुरुनाथराव म्हणाले.

"पण कव्हरशिवाय तुमच्या पानांना किंमत नाही."

"पानांशिवाय तुझ्या कव्हरला कुठं आहे?"

हे असं पाच मिनिटं चाललं. दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे कोणी मागे हटेना. तेवढ्यात आई पुढे आल्या आणि कव्हर माझ्याकडून मागून घेतलं, दोन्ही हातांनी, व्यवस्थित. आतला शिक्का बघितला. मागे बघितलं. पुन्हा आत बघितलं.

"रद्दचा शिक्का कुठे आहे?" त्यांनी गुरुनाथरावांना विचारलं.

"म्हंजे?"

"लायब्ररीतून पुस्तक काढून टाकलं तर त्यावर 'रद्द' असा शिक्का मारतात. इथे नाही."

"मी कधी रद्द केलंच नाही की. मेंबरने परत दिलं नाही."

"मग पुस्तक लायब्ररीचंच," आई म्हणाल्या आणि समीरकडे वळल्या. "हे तुझं नाही. हे परत न केलेलं पुस्तक आहे."

"आई, मी विकत घेतलंय. बँकेतून पैसे गेलेत."

"ते ज्याला दिलेस त्याच्याकडे माग. माझ्या लायब्ररीचं पुस्तक कुणी रद्दीवाल्याकडून विकत आणलं असतं, तर मी त्याला तिथेच उभं करून परत घेतलं असतं. आणि माफीपत्र लिहून घेतलं असतं."

समीरने माझ्याकडे बघितलं. मी कागदाची माणूस, कायद्याची नाही, असं सांगून मी खळीची वाटी उचलली आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा गुरुनाथराव हसत होते, आवाज न करता, खांदे हलवत.

"असू द्या अक्का," ते मालतीताईंना म्हणाले. "पोराने पैसे मोजलेत. चूक माझीच, मीच उलटसुलट पिना मारल्या. असं करू. हा मला कव्हर देईल, मी याला माझं कव्हर देतो. म्हणजे माझ्याकडं पहिला अंक पुरा, याच्याकडं दुसरी छपाई पुरी. आणि याने जेवढ्याला घेतलं तेवढे मी देतो. जास्त एक रुपया नाही, कमी पण नाही."

"आणि बॉलपेन?" समीरने विचारलं.

"ते तुझ्याकडंच राहतंय की."

समीरने थोडा विचार केला. फायदा शून्य, तोटा शून्य, शिवाय एक खरीखुरी दुसरी छपाई, शब्दकोडं सोडवलेली. त्याने हात पुढे केला. गुरुनाथरावांनी तो धरला आणि मग आईंना म्हणाले, "ते कोडं जरा दाखवा."

आईंनी दाखवलं. त्यांनी चष्मा खाली घेऊन वाचलं. "सात आडवं चुकलंय."

"चुकलेलं नाही," आई म्हणाल्या.

"या कोड्याची उत्तरं पोरांना मीच सांगायचो हो. मला पाठ आहेत."

"मग तुम्ही पोरांना चुकीचं सांगत होतात."

दुपारचं जेवण माझ्याकडेच झालं, कारण सात आडवं संपेना. शेवटी मी दोन्ही अंक बाजूला घेऊन कामाला लागले. रविवार संध्याकाळपर्यंत दोन्ही भार्गवांना आपापली कव्हरं लागली, आपापल्या मूळ भोकांतून. दोन रिपोर्ट लिहिले. दोन्हींत सगळं लिहिलं, अगदी गल्ल्यावरच्या त्या दुपारीसकट. गुरुनाथरावांनी त्यावर स्वतः सही केली: 'वरील चूक माझी'. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. अंक विकणार का, मी विचारलं. "छे, रोज जेवल्यावर काढून वाचतो," ते म्हणाले. "राक्षस अजून मरतो."

समीरने गौरीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन वर्षांची विजेची बिलं काढून त्याच्यापुढे ठेवली. खोली आईंना मिळाली. एसी त्यांना उत्तम सोसतो. कॉमिक्स हॉलमधल्या कपाटात गेली आणि आता दर शनिवारी मायलेक त्यातली एक पिशवी उघडतात. आधी भोकं मोजतात, मग वाचतात. आतापर्यंत एकाची मधली चार पानं गायब निघाली आणि एकाचा शेवट दुसऱ्याच गोष्टीचा होता. बाकीची ठीक आहेत. त्यातली किती चांगली आहेत असं मी विचारलं तेव्हा समीर म्हणाला, "वाचायला? तीन."

जुन्या कागदात पैसे घालणारे लोक आता माझ्याकडे वरचेवर येतात. समीरने ग्रुपवर माझं नाव टाकलंय. किंमत वाढेल का, असं ते विचारतात. ते मला माहीत नाही. मी त्यांना एकच विचारते: आत काय आहे ते तुम्ही बघितलंय का? निम्मे लोक अजून नाही म्हणतात. त्यांना मी उघडून बघायला सांगते, आणि तपासायची फी आधी घेते, कारण बघून झाल्यावर बऱ्याच जणांचा ती द्यायचा मूड राहत नाही.